दुहेरी कुलूप

अर्धापूरच्या ओसरीवर संध्याकाळी चार माणसे बसली म्हणजे बोलणे केळीच्या भावावरून निघते, हळदीच्या उताऱ्यावर येते, इसापूरच्या कालव्याला पाणी केव्हा सुटणार या चिंतेपाशी क्षणभर थबकते आणि अखेरीस कोणाच्या तरी सोयरिकीत जाऊन विसावते, हा क्रम मी लहानपणापासून पाहत आलो आहे. परंतु गेल्या दिवाळीनंतर बहिणीकडे मुक्कामास गेलो तेव्हा हा परिपाठ पार मोडला होता. कारण दारापुढच्या उतारावर उभी असलेली भाच्याची मोटार हा त्या घराचा एकमेव विषय होऊन बसला होता.

मोटार पेट्रोलवर चालणारी, अकरा महिन्यांपूर्वी घेतलेली. तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तेथवरचा कंपनीचा कौल तिच्या वॉरंटीच्या पुस्तिकेत छापलेला. केळीच्या व्यवहारानिमित्त नांदेड, हिंगोली, हदगाव अशा फेऱ्या मारता मारता भाच्याने तीवर सोळा हजार किलोमीटर केले होते. दहा हजारांवर नेमाची सर्व्हिसिंग होऊन नवे ऑइल पडले. आणि पुढे सव्वातीन हजार किलोमीटर होतात न होतात तोच हदगावच्या रस्त्यावर एका वळणावर ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकला. गेज काढून पाहिले तर खालच्या खुणेच्याही खाली. दीड लिटर घातले. अठराशे किलोमीटरांनी पुन्हा तेच. पुन्हा एक लिटर. सेवाकेंद्रातील तरुण सल्लागाराने “हे नॉर्मल आहे, हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत कंपनीच्या लिमिटमध्ये येते,” असे तोंडी सांगितले आणि जॉब कार्डावर मात्र ‘सर्वसाधारण तपासणी’ या दोन शब्दांपलीकडे काही लिहिले नाही.

त्या संध्याकाळी ओसरीवर दोन वृद्ध येऊन बसले होते. एक नाझरसाहेब : निरनिराळ्या तहसील कचेऱ्यांत नाझर म्हणून सरकारी शिलकेची मोजदाद करण्यात ज्यांचे आयुष्य सरले आणि कागदावर नसलेली गोष्ट जगात आहे हे मान्य करावयास जे आजही सहजासहजी तयार होत नाहीत, असे गृहस्थ. दुसरे उस्ताद : एस.टी.च्या कार्यशाळेत इंजिने उतरविण्यात आणि चढविण्यात ज्यांच्या हाताची बोटे कायमची काळी झाली, असे मिस्त्री. निजामाच्या राज्यात १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांनिशी जे रस्तेवाहतूक खाते सुरू झाले, त्यात उमेदवारी केलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीपाशी आपण ही विद्या घेतली, हे ते अभिमानाने सांगतात. दोघांची मैत्री जुनी आणि मतभेद त्याहून जुने.

“भाऊसाहेब,” उस्ताद मला म्हणाले, “इंजिन ऑइल खातच नाही अशी ज्याची समजूत आहे, त्याने इंजिन आतून पाहिलेले नाही. पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन स्फोटाचा दाब अडवतात. तिसरी ऑइलची, ती सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली चेंबरमध्ये लोटते. पण सगळे खरवडले तर पिस्टन कोरडा घासून मरेल. म्हणून कारखान्यातच त्या भिंतीवर तिरप्या बारीक रेघा मुद्दाम कोरलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल थांबते आणि प्रत्येक स्फोटाबरोबर त्याचा अंशमात्र जळते. हे जळणे म्हणजे बिघाड नव्हे, हा इंजिनाचा आहार आहे.”

“आहार ठीक,” नाझरसाहेब म्हणाले, “पण किती?”

“थोडा. नव्या गाडीला जरा जास्त, कारण रिंगा आणि भिंत यांचा एकमेकांशी सराव व्हायला काही हजार किलोमीटर जावे लागतात. शिवाय आताच्या गाड्या निराळ्या. गिऱ्हाइकाला मायलेज पाहिजे, सरकारलाही धूर कमी पाहिजे. म्हणून रिंगांचा ताण घटवला आणि ऑइल पाण्यासारखे पातळ केले. घर्षण कमी झाले, पेट्रोल वाचले. त्यातले थोडे ऑइलच्या रूपाने परत करावे लागते.”

“उस्ताद, सरकारी हिशेबात ‘थोडे’ नावाची रक्कम नसते. तुम्ही आकडा सांगत नाही, म्हणून मी कंपनीचाच आकडा घेतो. हजार किलोमीटरला अर्धा लिटर. सर्व्हिसिंग दहा हजारांवर. म्हणजे दोन सर्व्हिसिंगांच्या मध्ये पाच लिटर. या इंजिनाच्या चेंबरमध्ये मावते किती?”

“साडेतीन.”

“तर मग कंपनीचे म्हणणे असे की चेंबरात जेवढे ऑइल मावते तेवढे सगळे जळून, वर आणखी दीड लिटर जळाले, तरी गाडी निकोप. कालव्याच्या पाण्याला वहनव्यय असतो, हे आम्हां अर्धापूरकरांना कोणी शिकवावयास नको. इसापूरहून सुटलेल्या पाण्यातले काही वाटेत जिरणार, काही उडणार, हे आम्ही धरूनच चालतो. परंतु सुटलेल्याहून अधिक पाणी वाटेत जिरले आणि पाटबंधारे खात्याने ‘व्यय मर्यादेत आहे’ असे उत्तर धाडले, तर केळीच्या बागाइतदाराने ते उत्तर कपाळाला लावावे काय?”

उस्ताद हसले, पण त्यांचे उत्तर तयार होते. “ती मर्यादा बहुतेक गाड्या गाठतच नाहीत, साहेब. निरोगी इंजिन दोन सर्व्हिसिंगांच्या मध्ये गेजवर बोटभरसुद्धा उतरत नाही. कंपनीने आखलेली रेघ रोगाची नव्हे, भांडणाची आहे. तिच्या अलीकडे तुमचा खर्च, पलीकडे त्यांचा.”

“हेच मला तुमच्या तोंडून हवे होते,” नाझरसाहेब मांडीवर हात मारून म्हणाले. “म्हणजे सल्लागार ‘नॉर्मल’ म्हणतो तेव्हा तो आरोग्याविषयी बोलत नसतो, आपल्या गल्ल्याविषयी बोलत असतो.”

मला येथे मध्ये बोलावेसे वाटले, कारण हा वाद केवळ आपल्याच रस्त्यांवरचा नव्हे. अमेरिकेत टोयोटा कंपनीच्या २·४ लिटरच्या एका इंजिनाविषयी अशाच तक्रारींचा ओघ लागला. कंपनीने तेव्हा जी कसोटी ठरविली ती बाराशे मैलांस एक क्वार्ट ऑइल अशी होती, आणि आपल्या मापात मांडले तर तीही हजार किलोमीटरला जवळजवळ अर्ध्या लिटरवरच येऊन ठेपते. त्या रेघेपलीकडे गेलेल्या मोटारींचे पिस्टन आणि रिंगा कंपनीने बदलून दिल्या. सुबारू कंपनीवर तर ग्राहकांनी एकत्र येऊन दावाच लावला आणि २०१६ च्या तडजोडीत कंपनीला तक्रारीतल्या इंजिनांची हमी आठ वर्षे अथवा एक लाख मैल, म्हणजे सुमारे एक लाख साठ हजार किलोमीटर, इतकी वाढवून द्यावी लागली. अर्थात ज्या इंजिनांना आरंभी ‘नॉर्मल’ म्हटले गेले, त्यांतल्या काहींविषयी पुढे कंपन्यांनाच आपला शब्द फिरवावा लागला. परंतु तो फिरला तो ग्राहकांच्या संतापाने नव्हे, मोजणीने.

“मोजणीवरून आठवले,” उस्ताद उठत म्हणाले, “बाळ, तू गेज पाहतोस कुठे?”

“इथेच, मामांच्या समोर उभी आहे तिथेच. सकाळी निघायच्या आधी.”

“या उतारावर? अरे, इथे चेंबरातले ऑइल एका बाजूला गोळा होते. गेज खरे कसे बोलेल? गाडी सपाटीवर पाहिजे, इंजिन गरम होऊन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे गेलेली पाहिजेत, आणि गेज एकदा पुसून दुसऱ्यांदा घातल्यावर जे दिसते तेच खरे धरायचे. तुझ्या अठराशे किलोमीटरांच्या हिशेबात या उताराचा वाटा किती, हे आता देवच जाणे.”

भाच्याचा चेहरा पडला. लिटरमागे अठराशे किलोमीटर, म्हणजे हजाराला अर्ध्या लिटरहून किंचित अधिक, असा त्याचा हिशेब. आणि वाद ज्या रेघेवर उभा होता तिच्या इतक्या जवळ तो होता की ओसरीपुढचा उतारसुद्धा निकाल फिरवू शकत होता. उस्तादांनी मग बॅटरीच्या उजेडात खाली वाकून चेंबरच्या बुचाशी, फिल्टरपाशी, इंजिनाच्या सांध्यांशी बोट फिरवून पाहिले. ओल कोठेच नव्हती. गळती नाही म्हणजे जळणे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळसर धूर सोडीत असेल तर संशय वॉल्व्हच्या सीलांवर, चढावर जोर देताना सोडीत असेल तर रिंगांवर. परंतु आताच्या गाड्यांत सायलेन्सरमधले धूर शुद्ध करणारे यंत्र पुष्कळसा पुरावा स्वतःच गिळून टाकते, आणि पुढे त्याच ऑइलने आपणही खराब होते, हे त्यांनी समजावून दिले. “आणि ही डिझेल असती,” ते म्हणाले, “तर आणखी एक फसवणूक असती. नव्या डिझेल गाड्या काजळी जाळताना कधी कधी थोडे डिझेल चेंबरात उतरवतात. ऑइल जळत असते आणि गेज मात्र भरलेले दिसते.”

“तर तोडगा काय?” बहिणीने दारातून विचारले.

“तोडगा सोपा. डिकीत त्याच ग्रेडचा एक डबा ठेवायचा, आठवड्याला गेज पाहायचे, कमी दिसले की भरायचे. हजार रुपयांच्या ऑइलसाठी लाखाचे इंजिन धोक्यात कशाला?”

नाझरसाहेबांनी चष्मा काढून हातात घेतला. हा त्यांच्या गंभीर होण्याचा संकेत. “उस्ताद, तुमचा हा तोडगा इंजिन वाचवतो आणि मालकाला बुडवतो. तो मुकाट्याने भरीत असलेला प्रत्येक लिटर म्हणजे पुसून टाकलेला एकेक पुरावा. तीन वर्षे असेच भरीत राहिला, तर चौथ्या वर्षी कंपनी विचारील की एवढ्या मुदतीत तुमची एकही लेखी तक्रार कशी नाही? हमीची मुदत ही वाळूच्या घड्याळासारखी आहे. तुम्ही वरून ऑइल ओतले म्हणून तिची वाळू थांबत नाही.”

“आणि न भरता चालवली तर? बेरिंगा जातील, आणि तीच कंपनी म्हणेल की गेज न पाहता कोरडी चालवली, हा मालकाचा निष्काळजीपणा; वॉरंटी नाही.”

“म्हणजे भरले तरी फसला, न भरले तरी फसला. म्हणूनच भरावे, पण लिहून भरावे. तारीख, किलोमीटर, किती मिलिलिटर, कोणत्या ग्रेडचे, कोणाच्या दुकानातले, आणि पावती. उस्ताद, एक सांगा. तुमच्या आगारात बसगाडीला ऑइल घालीत, तेव्हा ते कोठे नोंदवीत की नाही?”

उस्ताद थोडे अडखळले. “नोंदवीत. गाडीनिहाय. एखादी गाडी जादा ऑइल खाऊ लागली की रजिस्टरवरूनच कळायचे. धूर दिसायच्या आधी.”

“सरकारच्या गाडीला रजिस्टर आणि रयतेच्या गाडीला नुसता डबा! हा कोठला न्याय?”

यावर भाच्याला उत्साह चढला. “मग नाझरसाहेब, सरळ ग्राहक आयोगातच जाऊ. नवी गाडी मागतो.”

“जाण्याची वाट आहे, परंतु नवी गाडी मागण्याची घाई नको,” नाझरसाहेब म्हणाले. आणि इतका वेळ भाच्याच्या बाजूने लढणारा हा माणूस जेव्हा त्याच्याच मागणीची छाटणी करू लागला, तेव्हा त्यांच्याविषयीचा माझा आदर दुणावला. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षणाच्या पहिल्या कायद्यास मंजुरी मिळाली आणि २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा अमलात आला, हा सारा वृत्तांत त्यांनी सांगितला. आणि त्या नव्या कायद्याचा मोठा लाभ हा की फिर्यादीला विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे, म्हणजे नांदेडास, अर्ज देता येतो. ५० लाखांपर्यंत दिलेल्या किमतीचे वाद जिल्हा आयोगाकडे. दहा लाखांच्या आतल्या या मोटारीसाठी शुल्क २०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. परंतु १९८६ च्याच कायद्याखाली मारुती उद्योग आणि सुशीलकुमार गबगोत्रा यांच्या २००६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की हमीचा करार दोषी भाग दुरुस्त करून अथवा बदलून देण्याचा असेल तर तेवढाच पाळला जावा. एका भागाच्या दोषासाठी अख्खी मोटार बदलून मागता येत नाही. “तेव्हा मागणी रिंगांची कर, पिस्टनांची कर, फार तर अर्ध्या इंजिनाची, मोटारीची नको. आणि गैरअर्जदार म्हणून विक्रेता आणि कारखानदार दोघांचीही नावे घाल. गोव्याच्या एका प्रकरणात टाटा मोटर्सविरुद्धचा निकाल २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने फिरविला. विक्रेत्याने जुन्या सालची गाडी नवी म्हणून दिली, पण ते कारखानदाराला ठाऊक होते असे सिद्ध झाले नाही. विक्रेत्याचे पाप कारखानदाराच्या माथी आपोआप बसत नाही, आणि कारखान्यातला दोष विक्रेत्याकडे मागत बसण्यातही अर्थ नाही.”

“आणि दोष आहे हे आयोगाला कळायचे कसे?” उस्तादांनी विचारले. “न्यायाधीश काय गेज काढून पाहणार?”

“परीक्षेवाचून दोष ठरत नसेल तर आयोग योग्य ठिकाणी परीक्षेस पाठवू शकतो, तशी तरतूद कायद्यातच आहे. तज्ज्ञाचा अभिप्राय नसला की असे अर्ज लंगडे पडतात.”

“म्हणजे इंजिन उघडणार,” उस्ताद म्हणाले. आणि आता त्यांच्या आवाजातले विनोदाचे अस्तर निघून गेले होते. “नाझरसाहेब, येथे मी तुमच्याबरोबर नाही. कारखान्यात यंत्राने, धुळीवाचून, ठरल्या ताणाने आवळलेले इंजिन एकदा उघडले की ते पहिल्यासारखे बसेलच याची हमी कोणती पुस्तिका देते? हेड उतरवले, पॅकिंग बदलले, बोल्ट पुन्हा आवळले. करणारा पोरगा चार महिन्यांपूर्वी शिकायला लागलेला. तुमच्या कागदावर ‘दुरुस्त केले’ असे येईल. मला विचाराल तर जोवर भार कमी आहे तोवर सोसावे.”

“आणि मला विचाराल तर ज्याचा कौल त्याने पाळावा, तुमचा पोरगा कच्चा असेल तर तोही त्यांचाच.”

या मुद्द्यावर ते दोघे त्या रात्री जुळले नाहीत, आजही जुळलेले नाहीत. आणि ते जुळावेत असा प्रयत्न मीही केला नाही, कारण एकाची भीती यंत्राच्या अनुभवातून आलेली आणि दुसऱ्याचा आग्रह कराराच्या. दोन्ही आपापल्या जागी खरी. एका गोष्टीवर मात्र त्यांना यावेच लागले. उघडायचे की नाही हा प्रश्न मोजणीनंतरचा. आणि मोजणी अशी हवी की जी कंपनीला नाकारता येऊ नये.

अशा मोजणीची रीत कंपन्यांपाशी असते. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरावयाचे, किलोमीटर टिपावयाचे, चेंबरच्या बुचावर, फिल्टरवर आणि भरण्याच्या झाकणावर रंगाचे ठिपके देऊन ते बंद करावयाचे. मालकाने हजार किलोमीटर चालवून गाडी परत आणली की ठिपके अभंग आहेत असे पाहून किती घटले ते मोजावयाचे. भाच्याने लेखी अर्ज देऊन, त्याच्या नकलेवर पोच घेऊन ही परीक्षा मागितली, आणि ठरल्या दिवशी आम्ही सारे आसना ओलांडून नांदेडास गेलो.

सेवाकेंद्राच्या कारागिराने पिवळ्या रंगाचे ठिपके दिले. नाझरसाहेबांनी ते नीट पाहिले आणि विचारले, “हा रंग कोणापाशी असतो?”

“आमच्यापाशीच, साहेब.”

“आमच्या खजिन्याच्या कोठीला दोन कुलपे असत,” ते शांतपणे म्हणाले. “एकाची किल्ली अधिकाऱ्यापाशी, दुसऱ्याची खजिनदारापाशी. दोघेही प्रामाणिक असत, तरीही दोन. एकाच किल्लीने उघडणारी कोठी लुटली गेली नाही, तरी तिच्यातली शिलक शाबूत होती हे कोणाला सिद्ध करता येत नाही.” असे म्हणून त्यांनी खिशातून चिकटणाऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या काढल्या. एकीवर भाच्याची सही, दुसरीवर सल्लागाराची. झाकणावर आडवी आणि उभी अशा त्या चिकटवल्या, आणि भाच्याने फोनवर त्यांची छायाचित्रे घेतली. कंपनीच्या रीतीत असे काही बसत नाही, असे सल्लागार पुटपुटला. परंतु ते बसत नाही असे कोठे लिहिले आहे, हे त्याला दाखविता आले नाही. गेज मात्र उस्तादांनी बंद करू दिले नाही. “घालू नये, काढू नये, कबूल. पण पाहायला कोणाची मनाई नको. हजार किलोमीटर आंधळेपणाने गाडी चालवायची नाही.”

मग त्यांनी गाडी आवारात सपाट फरशीवर लावून घेतली, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबविले, गेज पुसून पुन्हा घातले आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखविले. ऑइल नेमके वरच्या खुणेवर उभे होते. नाझरसाहेबांनी बरोबर आणलेल्या लांबट वहीच्या पहिल्या पानावर, ज्या वळणदार अक्षरांत ते एके काळी सरकारी शिलकेचा ताळा मांडीत, त्याच अक्षरांत लिहिले : आरंभीची शिल्लक. खाली तारीख, किलोमीटर, ऑइलची ग्रेड, गेजची खूण.

“जमीन सपाट, इंजिन गरम, हेही लिहा,” उस्ताद म्हणाले.

नाझरसाहेबांनी तेही लिहिले. मग एक ओळ सोडून ‘अखेरची शिल्लक’ असे शब्द मांडले, त्यापुढची जागा कोरी ठेवली आणि वही भाच्याच्या हाती दिली.